घरच्या माणसाची सुट्टी

४ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवणार, मला माहीत आहे. पण फोन कापता येतो. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात आलेला कागद न वाचता टाकणं तुला जन्मात जमलेलं नाही. पुडी बांधून आलेला कागदसुद्धा तू उलगडून वाचतेस. तेव्हा वाच.

मला नोकरी लागली! हुद्दा ऐक: बिझनेस डेव्हलपमेंट. घरमालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे नक्की काय करणार?" म्हटलं, कंपनीचा धंदा वाढवणार. "कंपनी कसली?" आजारी माणसांची घरी काळजी घेणारी. ते जरा मागे सरकले आणि म्हणाले, "म्हणजे आजारी माणसं वाढवणार?" आता यांना काय सांगायचं!

काम असं आहे. मोठ्या हॉस्पिटलातून पेशंटला घरी सोडतात. औषधांची यादी हातात देतात आणि म्हणतात, काळजी घ्या. कशी घ्या, ते कोणी सांगत नाही. तिथून पुढचं आमची कंपनी बघते. नर्स घरी जाते, आंघोळ घालते, कुशीवर वळवते, भरवते. मी हॉस्पिटलांच्या दारात जाऊन त्यांना पटवायचं, की तुमचे पेशंट घरी सोडताना आमच्याकडे सोपवा. गाद्या विकल्या, पंखे विकले, पण सकाळी गजर व्हायच्या आधी उठून बसतोय असं आयुष्यात पहिल्यांदा होतंय. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते म्हणतात. आणि इथे तर माती नाहीच, माल खरा आहे!

आता तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. ही नोकरी मी तुझ्या नाकावर टिच्चून घेतलेली नाही, शप्पथ. मागच्या वेळी मी "आईसाठी एखादी बाई ठेवूया" एवढंच म्हणालो होतो आणि तू मला बॅगेसकट जिन्यात आणून उभं केलंस. "आई म्हणजे काय सामान आहे का, माणसं लावून हलवायला?" हे तुझं वाक्य खालच्या मजल्यावरच्यांनीही ऐकलं. म्हणून या पत्रांत मी आईबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. फक्त माझ्या कामाबद्दल लिहीन.

एकच विचारतो आणि थांबतो. शेजारच्या काकूंचा फोन आला होता. तू गॅसवर दूध ठेवून उभ्या उभ्या झोपलीस, आणि पातेलं जळल्याचा वास त्यांच्या घरात गेला म्हणून त्या धावत आल्या, हे खरं का? त्या उगाच तिखटमीठ लावून सांगतात, हे मी जाणतो. तरी विचारतो.

तुझा भोंगा

१२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. हरकत नाही. आमच्या धंद्यात पहिल्या फोनला "नंतर बघू" म्हणणारा माणूस चांगला समजतात.

आज तुला सांगितल्याशिवाय राहवणारच नाही असं झालंय. मी पेशंट झालो! घाबरू नकोस, ठणठणीत आहे. आमच्या कंपनीचा नियमच आहे: आमची सेवा विकायची, तर आधी एक दिवस तिच्या हाताखाली पडून राहायचं. झाडूवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत कोणालाही सूट नाही. हा नियम आमच्या मेट्रनबाईंचा. सरकारी हॉस्पिटलात जन्म घालवून निवृत्त झालेली बाई. नर्सांचं शिक्षण आणि त्यांना कोणाच्या घरी पाठवायचं, दोन्ही त्यांच्याकडे. त्यांच्यासमोर साहेबसुद्धा हळू चालतात.

शिकवणीच्या खोलीत एक पलंग आहे. त्यावर मला झोपवलं आणि मेट्रन म्हणाल्या, "तुमच्या अंगावरून वारं गेलंय. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. आता गप्प." मला गप्प! तू असतीस तर पेढे वाटले असतेस.

पहिला तास गंमत वाटली. मग नाकाला खाज सुटली. डावा हात चालतो ना, तो उचलला तर मेट्रननी विचारलं, "चादरीखालून लगेच निघाला? पेशंटचा एवढ्या लवकर नाही निघत." मग एक शिकाऊ मुलगा आला आणि न सांगता मला कुशीवर वळवलं. ताई, खाली पडतोय असं वाटून मी डाव्या हाताने पलंगाची कड घट्ट धरली. त्यालाच मेट्रननी परत करायला लावलं. या वेळी त्याने आधी खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "काका, आता भिंतीकडे वळवतो," आणि मग वळवलं. तेच वळणं, तोच पलंग, पण भीती गेली. (मला काका म्हणाला, ते मात्र लक्षात ठेवलंय.)

भरवतानाही तसंच. चमचा समोरून खालच्या बाजूने आला तर मान आपोआप खाली येते आणि घास नीट उतरतो. वरून आला तर मान मागे जाते आणि ठसका लागतो. तू कुठून भरवतेस? खालूनच भरवत असशील. तुला कोणी शिकवावं लागत नाही.

आईबद्दल लिहिणार नाही म्हटलं होतं. हे चमच्याबद्दल होतं.

भोंगा

२६ फेब्रुवारी

ताई, ताई, ताई!

बस, ऐक. गावातल्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलात मला वेळ मिळाली! किती दिवस त्या मजल्यावरच्या बाकावर बसून होतो. शेजारी औषध कंपन्यांची पोरं, टाय घालून, बॅगा मांडीवर. तिथला शिपाई मला आता नावाने ओळखतो आणि माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरतो. त्या हॉस्पिटलच्या प्रमुख एक डॉक्टरीणबाई आहेत, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. आवाज चढवत नाहीत, पण समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर संपतं.

साहेब आणि मी गेलो. साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवायला सुरुवात केली. आलेख वर वर जात होते आणि मोठ्या बाईंचा चष्मा खाली खाली येत होता. मग म्हणाल्या, "असं दर आठवड्याला कोणी ना कोणी दाखवून जातं. तुमची माणसं चांगली आहेत हे मी कशावरून मानू?"

साहेबांनी तोंड उघडलं, पण भोंगा आधी वाजला. मी म्हणालो, "मॅडम, एक दिवस आमच्या पेशंट व्हा."

साहेबांच्या तोंडचं पाणीच पळालं. टेबलाखालून त्यांनी माझ्या बुटावर बूट ठेवला आणि दाबला. मला काही थांबवेना. मेट्रनचा नियम, खाज, कुशीवर वळणं, चमचा, सगळं सांगून टाकलं. मोठ्या बाई ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "तुम्ही स्वतः झोपला होतात?" म्हटलं, हो. "काय कळलं?" म्हटलं, "मॅडम, सगळे आपल्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतात, हे कळलं."

त्यांनी डायरी उघडली आणि पुढच्या गुरुवारची तारीख दिली!

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "हे काम मिळालं तर तुला कायम करतो. गेलं तर त्या बाकावर कायमचा बस." मी तिथल्या तिथे शिपायाला मिठी मारली. आनंद कुठे ठेवू असं झालंय, म्हणून तुझ्याकडे पाठवतोय. पूर्वी शाळेतून आलो की आधी तुलाच सांगायचो ना. चप्पल काढायच्या आधी.

भोंगा

५ मार्च

ताई,

झालं. म्हणजे झालं आणि नाही झालं. क्रमाने सांगतो.

मोठ्या बाई आल्या. साधा गाऊन घालून पलंगावर आडव्या झाल्या आणि लगेच उशी कशी असावी ते सांगू लागल्या. मेट्रन म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं बोलणं गेलंय." दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग मोठ्या बाईंनी ओठ मिटले.

आमच्या सरावात पेशंटच्या घरचं एक माणूसही लागतं, म्हणजे नर्सला घरच्यांशी कसं बोलायचं ते दाखवता येतं. ते माणूस मी झालो. पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसायचं, काळजीचा चेहरा करायचा. आंघोळीच्या वेळी पडदा लावून मला बाहेर काढलं, तेवढंच. नाहीतर दिवसभर मी तिथेच. नर्सने काम अगदी चोख केलं. आधी सांगून वळवलं, टाचांखाली मऊ कापडाची घडी ठेवली, केस विंचरून सैल वेणी घातली. दुपारी मोठ्या बाईंचा डोळाही लागला. साहेब दाराच्या फटीतून बघत होते आणि मला अंगठा दाखवत होते. मला वाटलं, घोडं गंगेत न्हालं.

संध्याकाळी त्या उठून बसल्या. वेणी तशीच. म्हणाल्या, "नर्स उत्तम आहे. कानामागे ओलं राहिलं, तेवढं बघा." आणि मग माझ्याकडे बोट केलं. "पण मला दिवसभर हलता येत नव्हतं, म्हणून मी फक्त याला बघत होते. नर्स आली, तरी हा स्टुलावरच. याला कोणी ऊठ म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. माझ्या हॉस्पिटलातून पेशंट घरी जातो, तेव्हा त्याच्या घरचं कोणीतरी एक माणूस असं स्टुलावर जाऊन बसतं ते वर्षानुवर्षं उठतच नाही. पुढे तेच माझ्याकडे पेशंट म्हणून येतं. त्याच्यासाठी तुमच्याकडे काय आहे?"

लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं झालं. त्या कंपनीला विचारत होत्या आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं, गॅस आणि दुधाचं पातेलं.

मी काहीतरी बोलून गेलो. काय, ते पुढच्या पत्रात. हात दुखतोय.

भोंगा

७ मार्च

ताई,

हात दुखत नव्हता.

मी म्हणालो, "आहे ना, मॅडम! 'घरच्या माणसाची सुट्टी' म्हणून आमची खास सेवा आहे. आमचं माणूस आधी घरच्यांच्या बरोबरीने राहतं, त्यांची पद्धत शिकून घेतं, पेशंटला सवय होऊ देतं. आणि मग घरच्या माणसाला सुट्टी देतं. खरीखुरी, घराबाहेरची."

ताई, अशी सेवा नाही. कधीच नव्हती. माझ्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत मलाही माहीत नव्हती. पण बोलता बोलता मला ती इतकी आवडली, की थांबताच येईना. गाद्या विकणारा माणूस फार तर स्प्रिंग वाढवून सांगतो. आमच्या या कामात अख्खी गादीच नसली तरी माणूस तिच्यावर बसायला लावतो.

मोठ्या बाईंनी विचारलं, "कुठे चालू आहे?" मी म्हणालो, "एका घरी." "कोणाच्या?" आणि मी तुझ्या गावाचं नाव घेतलं. एक बाई आहेत, आईचं एकटीने करतात, शाळेतली नोकरी सोडली त्यासाठी, असं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "महिनाअखेरीला मला त्यांच्याशी फोनवर बोलायचंय."

ज्या दारात मला उभं करत नाहीत, ते दार मी बाजारात नमुना म्हणून मांडलं.

मोठ्या बाई गेल्यावर मेट्रननी मला गाठलं. "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आणणार?" एवढंच म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. साहेबांनी मात्र वाट काढली. म्हणाले, बहिणीला सांग, फोन आला की दोन वाक्यं बोल. बाई चांगली आहे, मला सुट्टी मिळते. संपलं.

तर ताई, दोनच वाक्यं. माझी नोकरी कायम होईल. तुझं काही जात नाही. बोलशील?

९ मार्च, सकाळ

वरचं पत्र टपालात टाकायला निघालो आणि पेटीपाशी थांबलो. "मला सुट्टी मिळते." हे तू फोनवर कसं म्हणशील, ते मी मनात म्हणून बघितलं. तुझ्या आवाजात. ते ऐकवेना, ताई. खरी सुट्टी द्यायची सोडून तिच्याबद्दल खोटं बोलायला लावतोय!

तसाच वळलो आणि हॉस्पिटलात गेलो. वेळ न घेता. शिपायाने आत सोडलं. मोठ्या बाईंना म्हणालो, "मॅडम, ती सेवा नाही. ते घर माझ्या बहिणीचं आहे आणि ती मला घरात घेत नाही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता घंटा वाजवून बाहेर काढतील. त्या म्हणाल्या, "तुमची बहीण झोपते कधी?"

पंख्याचे किती वेग, गादीत किती थर, सगळं पाठ असतं मला. आणि हे माहीत नव्हतं.

"ती सेवा मला हवी आहे," त्या म्हणाल्या. "नसेल तर उभी करा. त्या बाईंची झोप झाली, की या. तोपर्यंत हे काम मी कोणालाच देत नाही."

कोणालाच देत नाही! ताई, कळलं का तुला? दार बंद केलं नाही त्यांनी! मी जिना दोन दोन पायऱ्या गाळत उतरलो. वरचं ७ तारखेचं पानही सोबत पाठवतोय. तू मला ओरडशील ते पूर्ण माहितीवर ओरड.

भोंगा

२४ मार्च

ताई,

तू ओरडलीसही नाहीस. मग मला खरी धास्ती वाटायला लागली.

दरम्यान इकडे काय चाललंय ते सांगतो. मेट्रन बोलायला लागल्या. झालं असं, की साहेब सगळ्यांसमोर मला झापत होते, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशातली गत केलीस," आणि मेट्रन मध्येच म्हणाल्या, "तुरी मी आणते. तुम्ही भटणीला सोडा." सेवेचं नाव तेच ठेवलंय, मी दिलेलं. चार नर्सा निवडल्यात. पहिला नियम मेट्रनच्या वहीत लाल शाईने लिहिलाय: घरच्या माणसाला "तुम्ही जा" असं म्हणायचं नाही. त्यांच्याकडून शिकायचं. शिकून झालं की ते आपणहून जातात.

आणि मी शिकतोय, ताई. विकायला नाही. सकाळी ऑफिस सुरू व्हायच्या आधी मेट्रन मला हातमोजे घालायला लावतात. आधी उशीला आंघोळ घातली. मग साहेबांचे पाय धुतले, ते लाजेने लालबुंद झाले. आता पेशंटच्या पाठीखाली घातलेली आडवी चादर धरून एकट्याने कुशीवर वळवता येतं. घास गिळला की नाही हे गळ्याकडे बघून कळतं. काल एका आजोबांच्या घरी मला नर्सबरोबर पाठवलं. आजोबांनी माझ्या शर्टावर अख्खी वाटी सूप सांडलं आणि हसले. त्यांच्या सुनेने सांगितलं, दिवाळं निघाल्यासारख्या चेहऱ्याने बसलेले असतात, महिन्याभरात पहिल्यांदा हसले. मी ऑफिसभर तो डाग दाखवत फिरलो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते. मी रजा टाकली आहे. मला यायचंय. कंपनीतर्फे नाही, कोणाला घेऊन नाही. मी एकटा. तू म्हणतेस ना, परक्या माणसाने आईला हात लावायचा नाही? बरं. मी परका नाही. तू सांगशील तसं करीन. आठ दिवस फक्त तुझ्या मागे उभं राहून बघ म्हणालीस तर बघीन. ओरडलीस तर ऐकून घेईन. आणि तुला वाटलं, की याला जमतंय, तर तू जा. कुठेही. वसतिगृहातली तुझी मैत्रीण दरवर्षी बोलावते, तिच्याकडे जा.

मला भीती वाटते, ताई. आईची नाही. तुझी वाटते. तू एक दिवस अशीच उभ्या उभ्या पडशील आणि मला शेजारच्या काकूंच्या फोनवरून कळेल. मला तू हवी आहेस. ओरडणारी, बॅग जिन्यात फेकणारी, पण हवी आहेस.

नाही म्हणायचं असेल तर नेहमीसारखी गप्प बस. हो म्हणायचं असेल तर फोन कर.

भोंगा

११ एप्रिल
(आपल्याच घरातून, तुझ्या मैत्रिणीच्या पत्त्यावर)

ताई,

जेमतेम परवा गेलीस आणि आज मी पत्र लिहितोय! तू रोज फोनवर विचारतेस आणि मी "सगळं ठीक" म्हणतो, कारण तू जास्त ऐकायच्या आत स्टेशन गाठशील अशी भीती वाटते. पण आज जे झालं ते फोनवर सांगायचं नाही. ते तुझ्या हातात कागदावर असायला हवं.

आधी थोडं मागे जातो. त्या दिवशी तुझा फोन आला, "शनिवारी ये. पांघरूण आण, जास्तीचं नाहीये," आणि लगेच ठेवलास. मी ऑफिसात टेबलावर चढलो होतो, हे तुला कोणी सांगितलं नसेल. मग इथला पहिला आठवडा. तू मला आईच्या जवळ फिरकू दिलं नाहीस. "तिथे उभा राहा आणि तोंड बंद." मी उभा राहिलो. आणि मी बघितलं, की मेट्रननी शिकवलेल्यातलं निम्मं तू आधीपासून करतेस, आणि निम्मं वेगळंच करतेस. तू आईचे केस विंचरताना तिला आजचा दिवस सांगतेस. कोण जिन्यात भेटलं, कोणाकडे काय शिजतंय. ते मेट्रनच्या शिकवणीत नाहीये. मी त्यांना कळवलंय, त्यांनी ते लाल शाईत घातलं.

आठव्या दिवशी तू मला म्हणालीस, "घे, वळव." मी आईच्या खांद्यावर हात ठेवला, सांगितलं, वळवलं. तू स्वयंपाकघरात गेलीस आणि बराच वेळ नळ सोडून उभी होतीस. मी आत आलो नाही. आलो असतो तर दोघांचंही अवघड झालं असतं.

निघताना तू जिन्यातून तीनदा परत आलीस. औषधाची वेळ, खिडकीची कडी, आणि तिसऱ्यांदा काय ते तुलाच सुचेना. "जरा काही वाटलं तरी बोलाव. ती माझ्याशिवाय राहत नाही," असं म्हणालीस. तू गेल्यावर आई दाराकडेच बघत होती. मला वाटलं, संपलं, आता ही जेवणार नाही.

पहिला दिवस खरंच जड गेला. दुपारी तिने तोंड मिटून घेतलं. मी चमचा खालून आणला, वरून आणला, गाणं म्हटलं, गाद्या विकतानाची सगळी भाषणं करून दाखवली. नाहीच. मग केस विंचरायला घेतले आणि जिन्यात कोण भेटलं ते सांगायला लागलो. मला जिन्यात कोणी भेटलं नव्हतं, मी थापा मारल्या. त्यावर ती जेवली. काल सकाळी आंघोळ घालून कुशीवर धरलं होतं आणि तेवढ्यात फळीवर फोन वाजायला लागला. साहेबांचा. पूर्वी मी जेवणाच्या ताटावरून उठून फोन घ्यायचो. काल वाजू दिला, पाठ कोरडी केली, पावडर लावली, मग बघितलं. साहेबांनी लिहिलं होतं, मोठ्या बाई विचारतायत: त्या बाईंची झोप झाली का? सह्या करायला कागद तयार आहेत म्हणे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते तूच देऊ शकतेस.

आता आजचं.

दुपारी तिच्या नखांना कात्री लावत होतो. म्हणालो, "आई, ताई पुढच्या आठवड्यात येते हं." तिने डावा हात माझ्या हातातून काढून घेतला. मला वाटलं कात्री लागली. नव्हती लागली. ती ओठ हलवायला लागली. तुला माहीत आहे, एरवी "हं" आणि "नको"च्या पुढे जात नाही. आधी "नको" आलं. वाटलं, तुझ्यावर रागावली, टाकून गेलीस म्हणून. तुला हे कसं सांगू, याच विचारात मी कात्री बाजूला ठेवली.

पण तिचं संपलं नव्हतं. तिने चादर मुठीत धरली आणि पुन्हा जोर लावला. घाम आला तिला, ताई. मी थांब म्हणालो तर ऐकेना. शेवटी एकेक शब्द आला, मध्ये केवढं तरी अंतर ठेवून, पण स्वच्छ.

"नको. उठवू. तिला."

मी विचारलं, "ताईला?" तिने डोळे मिटून हो म्हटलं. मग स्वतःही झोपली. अजून झोपलीये, शेजारी बसूनच लिहितोय.

तेव्हा परतीचं तिकीट रद्द कर. आईने सांगितलंय.

भोंगा